मुंबई ते हीथ्रो: अंतर आणि अवधी

मुंबईच्या विमानतळापासून लंडनच्या हीथ्रोपर्यंतचे अंतर सुमारे 7,200 किलोमीटर भरते. आणि पृथ्वीच्या गोलावर या दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून पाहिला, तर तो सपाट नकाशावरील रेघेप्रमाणे आखातावरून सीरियाकडे न जाता इराण ओलांडून कॉकेशसकडे चढतो व त्याचा ऐन मध्य जॉर्जियातील तिबिलिसीच्या आसपास पडतो. परंतु आकाशालाही सरहद्दी असतात. 2025 च्या एप्रिलपासून पाकिस्तानने आपल्या हवाई हद्दीत भारतीय विमानांना मज्जाव केल्यामुळे आमच्या विमानाने उड्डाणानंतर तो दोरा सोडून अरबी समुद्राची वाट धरली आणि ओमानच्या किनाऱ्याकडे रोख ठेवला.

हिवाळ्याचे दिवस होते. समोरच्या आसनाच्या पाठीवरील पडद्यावर आकडे एकामागून एक उमटत होते: बाहेरचे तापमान उणे 56 अंश, समोरून येणारा वारा ताशी 120 किलोमीटर, जमिनीच्या मानाने वेग 780. ध्रुवाकडील थंड आणि विषुववृत्ताकडील उष्ण हवेच्या तापमानातील तफावतीतून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जे वेगवान वायुप्रवाह वाहतात, आणि जे हिवाळ्यात विशेष प्रबळ होतात, त्यांच्याशी झुंजत आम्ही निघालो होतो. त्यामुळे त्या आकड्यांकडे पाहताना मला प्रवासाच्या अवधीचा खरा हिशेब जमिनीच्या दप्तरात नसून वाऱ्याच्या दप्तरात आहे, असे प्रकर्षाने वाटले.

शेजारी साताऱ्याकडच्या एक वृद्ध मावशी होत्या; मुलीकडे निघालेल्या, मांडीवर मेतकुटाची बरणी कापडात गुंडाळून घट्ट धरलेली. बऱ्याच वेळाने त्यांनी खिडकीची झडप वर केली आणि विचारले, “अहो, आपण सकाळी निघालो ना? मग अजून ऊन तसंच कसं?” मी सांगितले, “मावशी, आपण सूर्याच्या मागे मागे चाललोय.” लंडनच्या अक्षांशावर भूपृष्ठ ताशी साधारण 1,040 किलोमीटर वेगाने फिरते, विमान त्याहून थोडेच मंद, म्हणून सूर्य आम्हाला मागे टाकीत होता खरा, पण अत्यंत सावकाश. सुमारे दहा तास उडूनही उतरलो तेव्हा तेथे दुपार नुकतीच लागली होती, कारण हिवाळ्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते.

याच मार्गावर 8 जून 1948 रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनिव्हा येथे थांबत 10 जूनला लंडनला पोहोचले. ज्या पिढीने बोटीने सुएझमार्गे हाच प्रवास करताना आठवड्यांवर आठवडे समुद्रात काढले होते, तिला ते केवढे अद्भुत वाटले असेल, या विचाराने आजही माझे मन भरून येते.

परतीच्या प्रवासात तेच वारे पाठीशी होते. तुर्कस्तानवर असताना पडद्यावर ताशी 1,030 किलोमीटर हा आकडा दिसला, आणि त्यात इंजिनांचा काही अधिक जोर नव्हता. भोवतालच्या हवेतून विमान जातानाच्याच गतीने चालले होते, फक्त ती सगळी हवाच आता पूर्वेकडे निघाली होती. जाताना ज्या वाटेला दहा तास लागले, तीच वाट उलट दिशेने जवळजवळ नऊ तासांतच सरली, आणि मुंबईत आम्ही नियोजित वेळेच्या आधी उतरलो.