कसाऱ्याचा घाट आणि ओझ्याची सायकल

मुंबईची लोकल कसाऱ्याला संपते आणि सह्याद्रीचा चढ सुरू होतो. 1865 साली थळघाटातून इगतपुरीपर्यंत आगगाडी धावू लागली. हा चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे जावं तेव्हा एक फूट वर! म्हणून इथं लांबच्या गाड्यांना मागून ढकलणारी जादा एंजिनं जोडतात. सायकलीवर बिऱ्हाड लादून हिंडण्याची हौस असलेल्यांनी, सायकल घेण्यापूर्वी, हे दृश्य जरूर पाहावं.

आम्हां उभयतांना कसाऱ्याहून नाशिकला जायचं होतं. सौभाग्यवतींची अट एकच : "गुडघे शाबूत राहणार असतील तरच मी येणार." तेव्हा सारी मदार सायकलीवर!

दुकानदारानं एक महागडी सायकल एका बोटावर उचलून दाखवली. सौ. म्हणाली, "अहो, बोटावर नाही, घाटात न्यायचीय!"

सायकलीचं मागचं एंजिन म्हणजे लहान गिअर. पुढे 44 आणि मागे 20 दात असले, तर पायडलची एक फेरी सायकलीला जवळजवळ पाच मीटर नेते. पुढे 24, मागे 32 असले तर दीड-पावणेदोन मीटरच. वेग घटतो, पण गुडघ्यांवरचा भारही घटतो. दोन चाकांत अंतर ऐसपैस हवं, नाहीतर टाच मागच्या पिशवीवर आपटते. टायर रुंद, ब्रेक खात्रीचे, हँडल सीटच्या उंचीचं. सीट गादीसारखी मऊ नको. बसायच्या हाडांना आधार देणारी हवी. आणि दुकानात रिकामी सायकल फिरवून भुलू नये; सामान बांधून फिरवावी. पिशव्या चाकांच्या दोन्ही बाजूंना, खाली, समतोल.

जून 2025 पासून समृद्धी महामार्गाच्या मोटारी बोगद्यातून हा डोंगर पार करतात. सायकलीला तिथं मज्जाव. आपल्या नशिबी घाटच. शेजारून ट्रक घरघरत जात होते, आम्ही मुंगीच्या पावलांनी. तीनदा थांबलो, पाणी प्यालो, पण सायकल हातात धरून ढकलावी लागली नाही.

इगतपुरीला चहा घेताना मी भीतभीतच विचारलं, "इथून आगगाडीनं जाऊ या का?"

"छे!" सौ. म्हणाली, "आता तर उतार आहे. उठा!"