व्युन्सडॉर्फची लाकडी मशीद

बर्लिन शहरातून दक्षिणेकडे निघाले की सुमारे ४० किलोमीटरवर व्युन्सडॉर्फ नावाचे एक छोटे गाव लागते. वाळूची जमीन, उंचच उंच पाइनची झाडे, जवळच एक मोठे तळे आणि उतरत्या छपरांची घरे. ब्रांडेनबुर्ग प्रांतातील शेकडो खेड्यांसारखेच हे एक खेडे. आता ते शेजारच्या त्सोसेन नगरात सामील झाले आहे. या गावातील एका रस्त्याचे नाव मात्र वाचणाऱ्याला थांबवते. पाटीवर लिहिले आहे, 'मोशेश्ट्रासे', म्हणजे 'मशीद रस्ता'.

पाटी आहे, रस्ता आहे, पण मशीद कुठेही दिसत नाही. ती होती. जर्मनीच्या भूमीवर इबादतीसाठी उभारलेली ती पहिली मशीद होती. त्याआधी श्वेत्सिंगेन येथील राजवाड्याच्या बागेत अठराव्या शतकात मशिदीसारखी एक इमारत बांधली गेली होती. पण ती बागेच्या शोभेसाठी होती. अजान देण्यासाठी आणि नमाज अदा करण्यासाठी बांधलेली पहिली वास्तू या खेड्यात उभी राहिली, तीही युद्धकैद्यांच्या छावणीत.

चंद्रकोरीची छावणी

१९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध पेटले. इंग्रजांनी हिंदुस्थानातून फौजा मागवल्या. लाहोर आणि मेरठ डिव्हिजनचे जवान त्याच वर्षी फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरले आणि ऐन थंडीत फ्रान्स-बेल्जियमच्या चिखलाच्या खंदकांत जाऊन उभे राहिले. पुढे चार वर्षांत दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे या युद्धासाठी परदेशी गेली. फ्रान्सने मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया आणि सेनेगलमधून मुस्लिम सैनिक आणले होते. रशियाच्या सैन्यात तातार मुसलमान होते. लढाईत यांतले हजारो जण जर्मनांच्या हाती लागले.

याच काळात उस्मानी सल्तनत जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरली आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये इस्तंबूलहून जिहादचा फतवा निघाला. माक्स फॉन ओपनहाइम हे पूर्वेकडील देशांचे जाणकार जर्मन गृहस्थ होते. कैदेतील मुसलमानांना चांगली वागणूक द्यावी, त्यांना धर्म पाळू द्यावा आणि मग इंग्रज, फ्रेंच व रशियनांविरुद्ध लढायला त्यांचे मन वळवावे, अशी त्यांची योजना होती. त्यासाठी व्युन्सडॉर्फला 'हाल्बमोंडलागर', म्हणजे 'चंद्रकोरीची छावणी' उभी राहिली. तिथे चार-पाच हजार कैदी राहत. जवळच त्सोसेनला दुसरी मोठी छावणी होती. तिथे मुख्यतः रशियातून आलेले तातार मुसलमान होते.

व्युन्सडॉर्फच्या छावणीत हिंदी कैद्यांसाठी वेगळा भाग होता. त्यात मुसलमान, शीख, हिंदू आणि गुरखे असे सगळेच होते. सैनिकांबरोबर व्यापारी जहाजांवरचे खलाशीही पकडले गेले होते. त्यांच्या हातात कधी बंदूक नव्हती; जहाज शत्रूच्या ताब्यात गेले आणि तेही कैदेत गेले. आपल्या कोकणातील ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या माणसे जहाजावर गेली, त्या घरांना या खलाशांचे दुःख वेगळे समजावून सांगायला नको.

रमजानच्या पहिल्या दिवशी

१३ जुलै १९१५ रोजी, हिजरी १३३३ च्या रमजानच्या प्रारंभी, मशीद खुली झाली. ती संपूर्ण लाकडी होती आणि अवघ्या काही आठवड्यांत उभी केली गेली होती. वर घुमट, बाजूला सुमारे २३ मीटर उंचीचा मिनार, भिंतींवर रंगीत पट्टे आणि वुजूची सोय. बैतुल मुकद्दसच्या कुब्बतुस सखराची आठवण व्हावी, अशा धाटणीने ती बांधली होती. चर्चची घंटा ऐकत वाढलेल्या त्या खेड्याच्या हवेत आता पाच वेळा अजान घुमू लागली.

कैद्यांना रोजे ठेवण्याची, ईद साजरी करण्याची आणि आपल्या पद्धतीने जनावर जबह करण्याची मुभा होती. त्या ईदचे फोटो काढले गेले, छावणीची चित्रे असलेली पोस्टकार्डे छापली गेली. जर्मनी मुसलमानांचा मित्र आहे, हे जगाला दाखवायचे होते. छावणीसाठी 'अल-जिहाद' नावाचे वृत्तपत्र निघत असे. हिंदी कैद्यांसाठी 'हिंदोस्तान' नावाचा अंक हिंदी आणि उर्दूत छापला जाई.

या कामात जर्मनांबरोबर आपले काही क्रांतिकारकही होते. वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय आणि त्यांचे साथी बर्लिनमध्ये हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी समिती चालवत होते. भोपाळचे मौलाना बरकतुल्लाह १९१५ मध्ये बर्लिनला आले, तिथून राजा महेंद्र प्रताप यांच्यासोबत काबुलला गेले आणि १ डिसेंबर १९१५ रोजी तिथे स्थापन झालेल्या हिंदुस्थानच्या हंगामी सरकारचे पंतप्रधान झाले. त्यांचा हेतू मुल्क आजाद करण्याचा होता, जर्मनीची चाकरी करण्याचा नव्हता.

तरीही ही योजना फळाला आली नाही. पक्ष बदलून लढायला तयार झालेले हिंदी कैदी फार थोडे निघाले. बहुतेकांच्या मनात एकच गोष्ट होती, घरी जायचे.

भोंग्यातून आलेला आवाज

ती गोष्ट आज आपल्याला ऐकताही येते. जर्मन विद्वानांच्या दृष्टीने या छावण्या म्हणजे जगभरच्या माणसांचा घरबसल्या मिळालेला नमुनासंग्रह होता. कुणी कैद्यांची डोकी मोजली, कुणी चेहऱ्यांचे फोटो काढले. १९१५ ते १९१८ या काळात विल्हेल्म डोगेन यांच्या देखरेखीखाली एका सरकारी आयोगाने कैद्यांना ग्रामोफोनच्या भोंग्यासमोर उभे करून त्यांच्या बोली आणि गाणी ध्वनिमुद्रित केली. या तबकड्या बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

त्यांत पंजाबातील माल सिंग नावाच्या शीख शिपायाचा ११ डिसेंबर १९१६ चा आवाज आहे. तो स्वतःबद्दलच बोलतो, पण दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसे. एक माणूस होता, हिंदुस्थानात लोणी खात होता. तो फिरंग्यांच्या लढाईत आला, जर्मनांनी त्याला पकडले. आता त्याला परत जायचे आहे, तेच अन्न खायचे आहे. आणखी दोन वर्षे इथे राहावे लागले तर तो मरेल. आशय इतकाच आहे. बोलणे जेमतेम दीड मिनिटाचे असेल, पण सरकारी कागदांच्या ढिगात जे सापडत नाही ते त्यात सापडते.

माल सिंगची भीती खोटी नव्हती. ब्रांडेनबुर्गची थंडी आणि क्षयरोग यांनी अनेकांचा बळी घेतला. शेवटी १९१७ मध्ये हिंदी कैद्यांना तुलनेने उबदार अशा रुमानियात हलवावे लागले.

नियत कुणाची?

या मशिदीची हकीकत वाचताना मनात एक प्रश्न येतोच. ज्यांनी ती बांधली त्यांचा हेतू इबादतीचा नव्हता. एका साम्राज्याविरुद्ध दुसऱ्या साम्राज्यासाठी माणसे मिळवण्याचा होता. मग त्या मशिदीचे मोल काय? मस्जिदे जिरारचा प्रसंग आपल्या सर्वांना ठाऊक आहे. मशिदीच्या नावाखाली चाललेले राजकारण इस्लामने मान्य केलेले नाही.

पण त्या लाकडी छताखाली सफ बांधून उभ्या राहिलेल्या माणसांचे काय? कुणी झेलमचा, कुणी पेशावरचा, कुणी मोरोक्कोचा, कुणी कझानचा. भाषा वेगवेगळ्या, गणवेश वेगवेगळे, पण किब्ला एक. बांधणाऱ्यांचा हिशेब त्यांच्यापाशी. सजदा करणाऱ्याची नियत त्याची स्वतःची होती आणि अमलांचा मदार नियतीवर आहे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. सत्तेने धर्माचा वापर करून पाहिला. साध्या शिपायाने मात्र त्याच मशिदीत सुखरूप घरी परतण्याची दुआ मागितली.

युद्धानंतरही काही वर्षे बर्लिनमधील मुसलमान या मशिदीत येत राहिले. पण घाईने उभारलेल्या लाकडी वास्तूला देखभाल मिळाली नाही. ती मोडकळीस आली आणि १९२५-२६ च्या सुमारास पाडली गेली.

जे आजही तिथे आहेत

मशीद गेली, पण सगळे गेले नाहीत. जवळच त्सेरेन्सडॉर्फ नावाचे गाव होते. लष्करी सरावाच्या मैदानासाठी ते रिकामे केले गेले. आज ते गाव नाही, त्याचे कब्रस्तान आहे. तिथे २०६ हिंदी माणसे चिरनिद्रा घेत आहेत. तातार कैद्यांच्या आठवणीचा दगडही तिथेच आहे. बरीच दशके हा परिसर लष्कराच्या हद्दीत अडकला होता. आधी जर्मन सैन्याने व्युन्सडॉर्फला आपले मुख्यालय केले आणि खेड्यातील साध्या घरांसारखे दिसणारे काँक्रीटचे बंकर बांधले. मग सोव्हिएत सैन्य आले. इतके रशियन तिथे राहत की लोक या जागेला 'छोटा मॉस्को' म्हणत आणि इथून मॉस्कोला थेट रेल्वे जाई. १९९४ मध्ये ते सैन्य परतले. त्यानंतर कब्रस्तानाची दुरुस्ती झाली आणि २००५ पासून ते पुन्हा नीट उभे आहे. १९९८ पासून व्युन्सडॉर्फ जुन्या पुस्तकांच्या दुकानांचे गाव म्हणूनही ओळखले जाते.

आणि मग २०१५ साल आले. सीरिया, इराक, अफगाणिस्तान येथून लाखो माणसे जीव वाचवण्यासाठी जर्मनीत येत होती. त्यांच्या निवाऱ्यासाठी व्युन्सडॉर्फच्या जुन्या लष्करी आवाराची निवड झाली. बांधकामापूर्वी बर्लिनच्या पुरातत्त्व अभ्यासकांनी उत्खनन केले, तेव्हा त्या लाकडी मशिदीच्या खुणा मातीतून वर आल्या. बरोबर शंभर वर्षे झाली होती. ज्या जमिनीवर परक्यांच्या युद्धात सापडलेले मुसलमान कैदी म्हणून राहिले, तिथेच आता आपल्या घरातून उखडली गेलेली माणसे आसऱ्याला येणार होती.

आपल्यापैकी अनेकांची मुले आज शिक्षणासाठी, नोकरीसाठी जर्मनीला जातात. बर्लिनला गेलात तर एक दिवस काढून या खेड्याकडे वळा. तिथे पाहण्यासारखे भव्य असे काही नाही. एक रस्त्याची पाटी आहे आणि पाइनच्या झाडांत दगडांच्या रांगा आहेत. त्या दगडांखालच्या माणसांसाठी त्यांच्या घरच्यांना फातिहा पढायला जाता आले नाही. तो हक्क आता आपण अदा करावा. तिथे आपल्या धर्माचे आणि शेजारधर्मांचे, दोन्हीकडचे देशबांधव एकत्र विसावले आहेत. परक्या मातीत गेलेल्या ईमानवाल्यांची अल्लाह मगफिरत करो आणि जे आज घरापासून दूर आहेत, त्यांना सुखरूप घरी पोहोचवो. आमीन.