पावसाच्या गावातली पहिली गिटार

भाटघरला आषाढ लागला की घरांची दारं फुगतात. उन्हाळ्यात एका बोटानं लागणारी फळी चौकटीत अडकते, कडी बसता बसत नाही, आणि खांद्यानं रेटून दार लावायची सवय सगळ्या घराला होऊन जाते. भाटघर धरणाचा येसाजी कंक जलाशय काठोकाठ भरला, स्वयंचलित दरवाजे उघडले, की ती बातमी पार बारामती-फलटणपर्यंत पोचते. आमच्या लाकडांना मात्र पावसाची खबर त्याच्या कितीतरी आधी लागलेली असते.

लाकूड हवेतलं पाणी पितं, उन्हाळ्यात ते सोडून देतं. गिटारही लाकडाचीच. म्हणून इथल्या एखाद्या पोरीनं गिटार शिकायचं मनात घेतलं, तर "कुठल्या कंपनीची घेऊ?" हा प्रश्न मला दुसरा वाटतो. पहिला प्रश्न, गिटार राहणार कुठे? भोर-वेल्ह्याकडचा शेतकरी भाताचं वाण घेताना आधी आपलं खाचर बघतो. गिटारही तशीच निवडावी.

वाद्याचा आवाज कुठून येतो, हे एकदा उमगलं की निवड सोपी होते. आजच्या स्पॅनिश गिटारला रूप देणारे कारागीर अंतोनियो दे तोरेस यांनी 1862 साली एक गिटार केली. तिची पाठ आणि बाजू त्यांनी चक्क कागदी पुठ्ठ्याच्या केल्या आणि वरची पातळ फळी तेवढी लाकडाची ठेवली. गाते ती ही फळी, हे त्यांना दाखवायचं होतं. आपल्या मिरजेच्या कारागिरांना हे नवं नाही. त्यांच्या तंबोऱ्याचा भोपळा सोलापूर जिल्ह्यातल्या मळ्यांतून येतो. पण त्याच्यावर बसणाऱ्या तबलीवर, म्हणजे वरच्या पातळ फळीवर, त्यांचा हात फिरतो, तो फार जपून. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांची ही जाण आहे. आणि गिटार तरी आपल्याला इतकी परकी कुठे? जगभरच्या कितीतरी उत्तम गिटारींची पाठ शिसवीची असते, आणि ही शिसव आपल्या सह्याद्रीच्या रानात वाढते.

तबली अखंड लाकडाची असली तर आवाज मोकळा येतो, वर्षागणिक तो पिकतही जातो. हे अगदी खरं. पण अशा गिटारला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रतेची हवा मानवते. आमच्या श्रावणात ती कुठून आणायची? अखंड तबली ओल धरून फुगते, तारा पट्टीपासून वर उचलल्या जातात, आणि शिकणाऱ्याची बोटं रडकुंडीला येतात. पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवून केलेली, म्हणजे प्लायची तबली, हवेबरोबर इतकी हलत नाही. तिचा आवाज थोडा बांधलेला असतो, पण ती पावसाळा निभावून नेते. म्हणून पाच ते दहा हजारांतली, नीट जुळवलेली प्लायची गिटार मी भाटघरच्या नवशिक्याला बिनदिक्कत घ्यायला सांगेन.

मग तारांचा विचार. पोलादी तारांची गिटार सुरात लावली की सहा तारा मिळून मानेवर सुमारे 70 किलोंचा ताण देतात. नायलॉनच्या तारांचा ताण त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. नायलॉन बोटांना मऊ लागतं, आणि खालच्या तीन तारांना गंज चढायची धास्तीही नाही. मात्र नायलॉनच्या गिटारची मान वरच्या टोकाला सुमारे 52 मिलिमीटर रुंद असते, पोलादी तारांच्या गिटारची साधारण 43. लहान हाताला हा फरक लगेच कळतो. सिनेमातली गाणी कॉर्ड धरून म्हणायची असतील तर पोलादी तार ठसठशीत वाजते. बोटांनी एकेक सूर वेचून वाजवायचा असेल तर नायलॉन. मूल दहा वर्षांच्या आतलं असेल तर पाऊण आकाराची गिटार बघावी.

भाचीसाठी गिटार घ्यायला आम्ही पुण्यात बुधवार पेठेत गेलो. तिची नजर काळ्या चकचकीत गिटारवर खिळली होती. दुकानातल्या काकांनी ती काढून दिली आणि म्हणाले, "आधी बस. मांडीवर घे. उभ्यानं गिटार कळत नाही, बाळा." मग त्यांनी एकेक तार पहिल्या पडद्यापासून, म्हणजे फ्रेटपासून, खालपर्यंत दाबत छेडली. सातव्या पडद्यावर तार झणझणली; म्हणजे एखादा पडदा वर आलेला. दुसरी, फिकट पिवळ्या रंगाची साधी गिटार त्यांनी डोळ्यापुढे धरून मानेची रेघ पाहिली. बाराव्या पडद्यापाशी जाड तार पडद्यापासून जेमतेम अडीच मिलिमीटर वर होती. मग त्याच पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून एक सूर काढला, तार दाबून दुसरा. दोन्ही एक आले. खुंट्या फिरवताना कुठे गचका नव्हता. भाचीनं ती मांडीवर घेतली, एक तार छेडली, परत छेडली. काळ्या गिटारकडे तिनं पुन्हा पाहिलं नाही.

तिला मी एवढंच सांगितलं, की गिटार भिंतीला टेकवायची नाही, चुलीजवळ ठेवायची नाही, पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या, आणि वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्यानं पुसायच्या. सुरुवातीला बोटांची टोकं हुळहुळतील, मग घट्टे पडतील. त्या दिवसांत गिटारनं शिकणाऱ्याला परत परत जवळ बोलवायला हवं, आणि नीट जुळवलेली साधी गिटार ते करते. महागडी पण तारा उचललेली गिटार माणसाला स्वतःच्या बोटांविषयी शंका घ्यायला लावते, आणि पुष्कळांचं शिकणं तिथेच थांबतं. पहिली गिटार जन्मभर पुरावी असा हट्ट नको. तिनं कान तयार करावा, हात तयार करावा. मग दुसरी घ्यायची वेळ येईल तेव्हा भाचीला मामाला विचारावं लागणार नाही.