बेचाळीस रात्री आणि एक तक्ता

अंबाजोगाई

चि. माई,


तुझ्या वर्गाचा फोटो पोचला. फळ्याशेजारचा रंगीत तक्ता मामानं चष्मा पुसून पुन्हा वाचला. वर मथळा ‘श्यामची आई’. डावीकडं ‘अंधार : दुःख, अज्ञान, वाईट’, उजवीकडं ‘प्रकाश : आई, ज्ञान, चांगलं’. खाली तुझा प्रश्न, ‘मामा, बरोबर ना?’ अक्षर सुरेख आहे, एवढंच कळवा आणि गप्प बसा, असं मामी म्हणाली. मामाला गप्प बसता आलं असतं, तर तुझ्या आईशी त्याचं कधी वाजलंच नसतं.

अगं, त्या पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत! रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा ४२. आश्रमातली प्रार्थना उरकते, मंडळी जवळ सरकून बसतात आणि मग श्याम आईबद्दल बोलू लागतो. त्याला कादंबरी म्हणावं की आत्मकथा, यावर पंडितांनी खुशाल भांडावं. अंधार पडल्याशिवाय त्या पुस्तकाला कंठ फुटत नाही, हे तर खरं. लिहिलंसुद्धा कुठं, तर नाशिकच्या तुरुंगात. साने गुरुजींनी ९ फेब्रुवारी १९३३ ला, गुरुवारी, सुरुवात केली आणि सोमवारी, १३ तारखेच्या पहाटे लेखणी खाली ठेवली. आता सांग, ही रात्र तुझ्या कुठल्या रकान्यात बसवायची?

श्यामच्या घरावरचे घाव तरी रात्री येतात का? सावकाराचा वसुलीदार दारात उभा राहून आईला नाही नाही ते बोलतो. जप्तीची दवंडी गावभर पिटली जाते, ती चार लोकांच्या डोळ्यांदेखत. सदतिसाव्या रात्रीचं नावच ‘अब्रूचे धिंडवडे’ आहे. धिंडवडे निघायला उजेड लागतो, माई. अंधारात गरिबाला निदान तोंड लपवता येतं.

दिवाळी बघायची तर बाविसाव्या रात्री बघ. तिथं मामाच्या लक्षात राहिलं ते एक धोतर. नवऱ्याचं धोतर विरलंय म्हणून आई आपल्या ओवाळणीच्या पैशांतून त्यांच्यासाठी नवं आणवते. आणि चोविसावी रात्र ‘सोमवती अवस’. अवस म्हणजे चंद्र नसलेली रात्र. पण तीच सोमवारी आली की बायका पिंपळाला १०८ प्रदक्षिणा घालतात, व्रत धरतात. आपल्या घरातल्या बायकांना अवसेची भीती वाटली नाही. मग तुझ्या तक्त्याला का वाटावी?

अंधार म्हणजे अज्ञान आणि उजेड म्हणजे ज्ञान, ही जोडी वेदान्त सांगणाऱ्या मुकुंदराजांच्या गावात राहणाऱ्या माणसाला काही नवी नाही. पण वेदान्ताचं माप कादंबरीला लावलं की कादंबरी आखडते. तू पदवीला ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ वाचलीस, गुणही चांगले पाडलेस. त्यातही मार्लो संध्याकाळी थेम्स नदीवर नावेत बसून गोष्ट सांगतो आणि ऐकणाऱ्यांभोवती काळोख दाटत जातो. ज्याच्यासाठी लूट चालते, ते हस्तिदंत मात्र पांढरं. तरी १९७५ साली लेखक चिनुआ अचेबे अमेरिकेतल्या एका व्याख्यानात त्या कादंबरीवर तुटून पडले; जिवंत माणसांच्या आफ्रिकेचा नुसता पडदा केला, म्हणाले. ती गोष्ट १८९९ सालची, आणि त्याच सालच्या २४ डिसेंबरला पालगडला गुरुजी जन्मले. हे मामा उगाच सांगतोय, असं तुला वाटेल. वाटू दे.

खरा मुद्दा तुझ्या वर्गातल्या लेकरांचा आहे. दसरा-दिवाळी झाली की तुमच्या शिरूरच्या वाड्यावस्त्यांतून ऊसतोडीला कोयते निघतात. मुकादमाची उचल आधीच खर्चून बसलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटेच्या अंधारात फडात उतरायचं, आणि गाडी रात्री आली तर रात्री उठून मोळ्या वाहायच्या. बत्तिसाव्या रात्रीचं नाव ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’. हे त्या पोरांना तू समजावून सांगणार? तीच तुला सांगतील. ज्या पोरीची आई हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, फडाजवळच्या कोपीत राहते, तिनं रोज सकाळी ‘प्रकाश : आई’ वाचायचं आणि काय समजायचं? की आपल्या घरी अंधारच आहे?

तक्ता फाडू नकोस, मेहनत आहे तुझी. फक्त दोन रकान्यांमधली रेघ पुसून टाक आणि पोरांना विचार, रात्री तुम्हाला कोण काय सांगतं. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे.

आणि ती चौथीतली मुलगी, जिच्या आजीला संध्याकाळनंतर दिसत नाही असं तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस, तिचं नाव हंगामी वसतिगृहाच्या यादीत लागलं का? तुझ्या या पत्रात तिचा उल्लेखच नाही. तिचे मायबाप यंदा कुठल्या कारखान्याला गेलेत, हे मुकादमाकडून काढून घे, नंबर वहीत टिपून ठेव. रात्री पोरीजवळ डोळस माणूस कोण असतं? ते आधी कळव, तक्त्याचं नंतर बघू. तू स्वतः मात्र दिवस बुडायच्या आत घरी पोचत जा. रात्रीचा कैवार घेतला, म्हणून मामा तुला घाटात एकटीनं स्कूटी चालवू देईल असं समजू नकोस.

तुझा,
मामा