आधी पाऊल, मग खूण

आपल्या शनिवारच्या वर्गात पत्रलेखनाचा गृहपाठ दरवर्षी असतो. २०१७ च्या नोव्हेंबरात आमच्या मुलाला विषय मिळाला, "काकांना पत्र लिहा." घरी येऊन त्याने विचारले, "मला काका आहेत ना? त्यांचा पत्ता काय?" आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो.

काका आहेत. अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) आमच्या जुन्या घरात राहतात. घरात सगळे त्यांना दादा म्हणतात. वडील गेल्यानंतर घराच्या वाटणीवरून आमचे त्यांच्याशी वाजले. "वडिलांची सेवा तुम्ही घरासाठी केलीत," असे आम्ही फोनवर बोलून गेलो. वर्षानुवर्षे वडिलांचे औषधपाणी त्यांनी आणि वहिनींनी केले होते. आम्ही इकडून पैसे पाठवत होतो, एवढेच. त्या दिवसापासून आठ वर्षे बोलणे बंद होते.

आम्ही ख्रिस्ती आहोत. येशूची एक शिकवण आमच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. देवापुढे अर्पण आणताना भावाचे आपल्याबद्दल मन दुखावले आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जावे आणि समेट करावा. सांगणे अगदी स्पष्ट आहे. तरी आम्ही रोज रात्री प्रार्थना करायचो, "प्रभू, दादांशी बोलावे अशी तुझी इच्छा असेल तर काहीतरी खूण दे." एका नाताळात तर ठरवलेच, की आज नगरहून फोन आला तर ती खूण समजायची. फोन वाजला. धावत जाऊन उचलला, तर नगरच्याच एक मावशी! नातवाला इकडच्या कॉलेजात प्रवेश कसा मिळेल हे विचारत होत्या. ही खूण धरायची की नाही यावर आम्ही तासभर वाद घातला. दादांना फोन मात्र केला नाही.

कोणी टोकले तर आम्ही गिदोनाचे नाव पुढे करायचो. मुलांनो, ही बायबलच्या जुन्या करारातली गोष्ट आहे. देवाने गिदोनाला शत्रूशी लढायला सांगितले. त्याची खात्री पटेना. त्याने खळ्यात लोकर ठेवली आणि म्हणाला, दव फक्त लोकरीवर पडावे, जमीन कोरडी राहावी. तसे झाले. दुसऱ्या रात्री त्याने उलटे मागितले. तेही झाले. देवाने त्याला समजून घेतले, हे खरे. पण गोष्ट नीट वाचली तर दिसते, की काय करायचे हे गिदोनाला लोकरीच्या आधीच कळले होते. त्याला माहिती कमी नव्हती, धीर कमी होता. आमचेही तसेच होते.

बायबलमध्ये दुसऱ्या तऱ्हेच्या गोष्टीही बऱ्याच आहेत. मोशेला देवाने मिसर देशातून लोकांना सोडवून आणायला पाठवले आणि खूण दिली ती अशी, की त्यांना बाहेर आणल्यावर याच डोंगरावर तुम्ही माझी उपासना कराल. म्हणजे खूण मिळणार ती काम झाल्यावर! यहोशवाच्या काळी लोक यार्देन नदीशी आले तेव्हा सुगीचे दिवस होते आणि नदी दुथडी भरून वाहत होती. याजकांचे पाय पाण्यात पडले, मग पाणी थांबले. येशूने दहा कुष्ठरोग्यांना याजकांकडे जायला सांगितले. ते निघाले तेव्हा आजारीच होते. बरे झाले ते वाटेत.

आपल्या महाराष्ट्रातलेही एक उदाहरण आहे, आणि त्याचे धागे आपण राहतो त्या बोस्टनपर्यंत येतात. पंडिता रमाबाईंच्या कामाला मदत करण्यासाठी १८८७ च्या डिसेंबरात इथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिने दहा वर्षे मदतीचे वचन दिले. त्यावर १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण पूर्वी दुष्काळातच गेले होते. उपाशी माणसाचे हाल त्यांनी भोगले होते. आपण तिकडे गेले पाहिजे, असे त्यांना आतून वाटू लागले. पण हाती जादा पैसा नव्हता आणि दहा वर्षांची मुदतही संपत आली होती. तरी त्या गेल्या. सुमारे तीनशे मुली आणि बाया त्यांनी आणल्या. तोच पुण्यात प्लेगची साथ. एवढ्या मुलींना शहरात ठेवता येईना. तेव्हा पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरच्या केडगावची शेतजमीन कामी आली. ती त्यांनी आधी घेतली होती ती सदनाला उत्पन्न व्हावे म्हणून. तिथेच 'मुक्ती' उभे राहिले, आणि ते काम आजही चालू आहे. निघताना त्यांना यातले काही दिसत नव्हते. भुकेल्या मुली तेवढ्या दिसत होत्या.

आमचे काम त्यामानाने किती लहान! एक पत्र लिहायचे होते. मुलाने आपले पत्र पुरे केले. बाईंनी शिकवल्याप्रमाणे त्याने "शिरसाष्टांग नमस्कार" लिहिले, आणि आमच्या घरची रीत म्हणून खाली "सप्रेम सलाम"ही लिहिले. 'शिरसाष्टांग'मधली चूक बाईंनी लाल शाईने सुधारली होती. तो कागद पाकिटात घालताना आम्हाला स्वतःची लाज वाटली. त्या रात्री आम्हीही लिहायला बसलो. तीन कागद फाडले, कारण प्रत्येकात "पण तुम्हीसुद्धा" हे शब्द येत होते. चौथ्यात ते गाळले. जे बोललो ते चुकीचे होते, क्षमा करा, आणि घर तुमचेच राहू द्या, असे लिहून पत्र टाकले.

उत्तर आले नाही. डिसेंबर गेला, ईस्टर झाला. मुलगा दर शनिवारी विचारायचा. हक्काचे घर सोडले आणि हाती काहीच नाही, असे मनात येई. आपण ज्याला देवाचे मार्गदर्शन म्हणालो तो आपलाच भाबडेपणा तर नव्हता ना? तेव्हा आम्ही एवढेच एकमेकांना म्हणायचो, की क्षमा मागणे बरोबरच होते. दादा उत्तर देवोत वा न देवोत, त्याने ते चूक ठरत नाही.

मे महिन्यात वहिनींचा फोन आला. पत्र पोचले तेव्हा दादा आजारी होते. मोठ्यांचे पत्र त्यांनी बरेच दिवस उघडलेच नाही. मुलाचे मात्र पुन्हा पुन्हा वाचत. "त्या लाल शाईवर हात फिरवत बसायचे," वहिनी म्हणाल्या. मग दादांनी फोन घेतला आणि म्हणाले, "पोराचं अक्षर तुझ्यापेक्षा चांगलं आहे." आठ वर्षांनी ऐकलेले ते पहिले वाक्य! २०१८ चा नाताळ आम्ही नगरला केला. जुने सगळे बोलून झालेले नाही, काही गोष्टी दोन्ही बाजूंना अजून दुखतात. पण येणेजाणे आहे.

मनात येईल ते देवाच्या नावावर खपवावे, असे आम्ही म्हणत नाही. ते शिकवणीला धरून आहे का, त्यात दुसऱ्याचे नुकसान नाही ना, आणि वडीलधाऱ्यांना ते पटते का, एवढे पाहावेच. पण एवढे पाहून झाल्यावरही आणखी खुणा मागत बसलो, तर त्याला वाट पाहणे म्हणता येणार नाही, ती टाळाटाळच होते.

मुलांनो, यंदाही पत्राचा गृहपाठ येईल. आईबाबा पत्ता द्यायला कचरले, तर पुन्हा एकदा विचारा.