दोन पिन

इंदूरहून माहेश्वरी साड्या ऑनलाइन विकायला लागले आणि कळलं, घासाघीस करणारं गिऱ्हाईक चांगलं. "ताई, दोनशे कमी करा ना," म्हणणारीला साडी खरंच हवी असते. फोटो टाकण्याआधीच मी खरेदी, खोका आणि कुरिअर धरून शेवटचा भाव वहीत लिहून ठेवते. त्याखाली उतरत नाही, कोणी कितीही गोड बोलो.

धास्ती वाटते ती भाव न करणाऱ्याची. एकाने पदराचा फोटोही न मागता पूर्ण किंमत कबूल केली आणि क्यूआर कोड पाठवला. "स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही. व्यवहार मी तिथेच थांबवला.

दुसरा पिन मात्र मी आवर्जून मागते, तो पत्त्याचा. सारख्या नावांची गावं आणि निरनिराळ्या भाषांतले पत्ते यांवर तोडगा म्हणून पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. त्यामागचे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर, आपले मराठीच. "मारुतीच्या देवळामागे" एवढ्यावर साडी पोचत नाही. पत्ता लेखी घ्यायचा, परत वाचून दाखवायचा आणि पैसे खात्यात दिसले की मगच खोका बांधायचा.

इंदूरचा पिनकोड महाराष्ट्रासारखाच ४ने सुरू होतो, बडोद्याचा ३ने, बेळगावचा ५ने. पत्त्यात बेळगाव आणि पिनकोडात पहिला ४ दिसला, की मी आधी फोन करते.