परमिशन डिनाइड!

इंजिनिअरिंगला आलं की दोन गोष्टींची किंमत कळते. एक म्हणजे मेसमधली गरम चपाती आणि दुसरा रूट पासवर्ड! मेसवर या अंकात कुणीतरी लिहिलंच असेल, म्हणून मी पासवर्डवर लिहिते. कॉन्व्हेंटची मुलगी मराठी विभागात लिहिणार म्हटल्यावर मैत्रिणी हसल्या. हसू देत.

लिनक्समध्ये रूट म्हणजे सगळ्या घराच्या चाव्या कमरेला लावून फिरणारी मोठी बाई. बाकी आपण सगळे साधे यूजर. लॅबच्या मशिनवर काही नवीन टाकायला गेलं की एकच उत्तर, 'परमिशन डिनाइड'.

गेल्या सेमिस्टरला आमचा मिनी प्रोजेक्ट होता. ग्रुपमध्ये चौघं, तिघांकडे लॅपटॉप, माझ्याकडे नाही. प्रोजेक्टला पायथॉनची नवी आवृत्ती लागत होती, लॅबमध्ये जुनी. ग्रुपने लगेच तोडगा काढला, "तू रिपोर्ट लिही ना, तुझं इंग्लिश चांगलं आहे!" कॉन्व्हेंटचा असाही उपयोग! पण फक्त रिपोर्ट लिहिणाऱ्याला व्हायव्हात कोड विचारला की काय होतं, ते सीनियर्सना विचारा. शिवाय मला कोड लिहायचाच होता.

लॅबमधल्या काकांकडे गेले. ते म्हणाले, "रूटचा पासवर्ड मिळणार नाही. एकाने मशिनमध्ये काही बदललं की दुसऱ्या बॅचचं प्रॅक्टिकल बंद पडतं. तुझ्या होममध्ये काय करायचं ते कर, सिस्टीमला हात लावायचा नाही." मी तोंड पाडून परत आले. पण नंतर लक्षात आलं, काकांनी रस्ता सांगितलाच होता की!

आमच्या पापडीच्या बाजूला बावखलं आहेत. बावखल म्हणजे वाडीला पाणी देण्यासाठी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. आमच्या बावखलात तीन घरांचा हिस्सा. एकाच्या मनात आलं म्हणून त्याचा काठ फोडता येत नाही. पण आपल्या वाट्याचं पाणी आपल्या वाडीत नेल्यावर तिथे केळी लावायची की पानवेल, हे आपणच ठरवायचं. लिनक्सचंही तसंच. सिस्टीमचे फोल्डर सामाईक, होम फोल्डर ही आपली वाडी.

आता कृती. सोर्स कोड म्हणजे तयार जेवण नाही, शिधा आणि पाककृती. शिजवायचं आपण. कमांड तीनच: 'कॉन्फिगर', 'मेक' आणि 'मेक इन्स्टॉल'. कॉन्फिगर मशिनची झडती घेतो, कंपायलर आहे का, कुठली लायब्ररी कुठे आहे वगैरे. मेक कंपाइल करतो आणि शेवटची कमांड फाइल्स जागेवर ठेवते. मेक हे १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलं. कॉन्फिगर बनवून देणारं ऑटोकॉन्फ १९९१ साली डेव्हिड मॅकेन्झी यांनी सुरू केलं. म्हणजे ही हत्यारं आपल्या सगळ्यांपेक्षा वयाने मोठी!

गंमत अशी की रूट लागतो तो फक्त शेवटच्या पायरीला, कारण फाइल्स सामाईक जागेत जाणार असतात. कॉन्फिगरला 'प्रीफिक्स' म्हणून आपल्या होममधला फोल्डर दिला की रूटचं काम उरत नाही. लॅबमध्ये सी-च्या प्रॅक्टिकलसाठी जीसीसी होतंच.

पण सगळं इतकं सरळ झालं तर ते इंजिनिअरिंग कसलं? अर्धा तास ओळी धावल्या आणि शेवटी मशिन म्हणालं, 'झीलिब' मिळत नाही. ही डेटा दाबून लहान करणारी लायब्ररी. मशिनवर ती चालण्यापुरती होती, पण कंपाइल करायला लागणाऱ्या हेडर फाइल्स नव्हत्या. मग झीलिबचा सोर्स आणला, त्याच फोल्डरमध्ये त्याच तीन कमांडने बसवला आणि पायथॉनच्या कॉन्फिगरला हेडर आणि लायब्ररी कुठे आहेत ते सांगितलं. या वेळी गाडी शेवटच्या स्टेशनपर्यंत गेली! बॅशआरसी फाइलमध्ये पाथच्या सुरुवातीला आपला फोल्डर लिहिला की झालं. लॅबचं जुनं पायथॉन जिथल्या तिथे.

ज्युनियर्ससाठी दोन शब्द. सोर्स अधिकृत साइटवरूनच घ्या आणि चेकसम ताडून बघा. डिस्कचा कोटा आधी तपासा. आपण बसवलेलं सॉफ्टवेअर अपडेट करायला कुणी येत नाही, ती जबाबदारी आपली. नको झालं तर फोल्डर उडवा. म्हणूनच प्रत्येक सॉफ्टवेअरला वेगळा फोल्डर द्या. आणि कमांड लाइनची भीती वाटत असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सचे धडे मराठीतही आहेत.

व्हायव्हात सरांनी विचारलं, "हे कुणाच्या लॅपटॉपवर चालतं?" मी म्हटलं, "सर, लॅबच्या मशिनवर, माझ्या लॉगिनमध्ये." सरांनी तिथेच चालवून बघितलं आणि मग कोडवरचे सगळे प्रश्न मला! उत्तरं आली.

रिपोर्टचं म्हणाल, तर तो आम्ही चौघांनी वाटून लिहिला. इंग्लिश सगळ्यांचंच बरं निघालं!